दिवाळीच्या सुट्टीत शाकाहारी आई-बाबांना घेऊन व्हिएतनाममधल्या ह्वेला जावं का? की जवळच्या दा नांग शहरातून एका दिवसात उरकावं?

ह्वेला जरूर न्या, पण दिवाळीत नको. मध्य व्हिएतनाममध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबर हे धो-धो पावसाचे महिने. हुओंग नदीला पूर येतो, गावात पाणी शिरतं. वयस्कर माणसांना घेऊन तेव्हा तिथे अडकण्यात अर्थ नाही. फेब्रुवारी ते एप्रिल उत्तम. फक्त 'तेत', म्हणजे त्यांच्या चांद्र नववर्षाचा आठवडा टाळा, कारण त्या दिवसांत बरीच दुकानं बंद आणि आगगाड्या भरलेल्या असतात.

खाण्याची काळजी मात्र सोडा. शाकाहारी माणसाची व्हिएतनाममध्ये सगळ्यात कमी आबाळ ह्वेतच होते असं माझं ठाम मत आहे. हे बौद्ध मठांचं गाव. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे साधारण आपल्या अमावास्येला किंवा तिच्या दुसऱ्या दिवशी आणि पौर्णिमेला, तिथली असंख्य घरं मांस-मासे खात नाहीत. म्हणून तिकिटं काढण्याआधी घरातल्या कॅलेंडरवर पौर्णिमा बघा आणि ती ह्वेच्या मुक्कामात येईल असं जमवा. एरवी मांस विकणाऱ्या काही टपऱ्यांवरही त्या दिवशी शाकाहारी पदार्थ मिळतात.

पाटीवर 'चाय' (रोमन लिपीत सी-एच-ए-वाय) दिसलं की ते शाकाहारी. 'तोय आन चाय' म्हणजे मी शाकाहारी आहे. साध्या हॉटेलात भाजी-भात मागवलात तर 'खोंग नुओक माम' हेही सांगा, कारण नुओक माम हा माशाचा रस ते भाजीतसुद्धा घालतात. चाय खानावळीत तो प्रश्न नाही. कडक पाळणाऱ्या ठिकाणी कांदा-लसूणही नसतो, पण अंड्याचं विचारून घ्यावं. आणि आई-बाबांना आधीच कल्पना द्या: सोयाबीन आणि गव्हाच्या सत्त्वापासून हुबेहूब मांसासारखे दिसणारे तुकडे ताटात येतील. माझ्या सासूबाईंनी ते बघून ताट बाजूला सारलं होतं, शेवटी खानावळीच्या मालकिणीने स्वयंपाकघरात नेऊन टोफू दाखवला तेव्हा जेवल्या. ले क्वी दोन रस्त्यावरचं 'लिएन होआ' हे जुनं चाय हॉटेल आहे, तिथून सुरुवात करा. गोड म्हणून 'चे' घ्या. मूग, कमळाच्या बिया, नारळाचं दूध असं काहीबाही घातलेलं असतं, आपल्या माणसांना लगेच आवडतं.

एका दिवसात उरकू नका, दोन रात्री तरी राहा. १८०२ ते १९४५ न्गुयेन राजांची ही राजधानी होती. तटबंदीचा घेरच दहाएक किलोमीटर आहे, आतल्या राजवाड्यांचा बराच भाग १९४७ आणि १९६८च्या लढायांत उद्ध्वस्त झाला. चालणं खूप होतं, म्हणून सकाळी लवकर जा. राजांच्या समाध्यांपैकी 'तू दुक' या राजाची पुरे; तळं, झाडं, सावली आहे. खाय दिन्हच्या समाधीला पायऱ्या फार, गुडघे दुखत असतील तर सोडून द्या.

थिएन मू पॅगोडा मात्र चुकवू नका. सातमजली मनोऱ्याचा फोटो काढून लोक परत फिरतात. तुम्ही मागच्या आवारात जा. तिथे एक जुनी ऑस्टिन मोटार ठेवली आहे. दक्षिण व्हिएतनामच्या तेव्हाच्या सरकारने बौद्धांवर चालवलेल्या दडपशाहीच्या निषेधार्थ ११ जून १९६३ रोजी भिक्खू थिच क्वांग दुक यांनी सायगॉनच्या (आजचं हो चि मिन्ह सिटी) चौकात स्वतःला पेटवून घेतलं, त्या जागी ते याच मोटारीतून गेले होते. त्याच वर्षी मे महिन्यात ह्वेमध्ये बौद्ध ध्वज लावायला मनाई झाली, निदर्शनं झाली आणि त्यात माणसं मारली गेली. आंदोलन पेटलं ते इथूनच. मोटारीपुढे उभं राहून सेल्फी काढू नये, एवढी विनंती.

मठांत खांदे-गुडघे झाकलेले हवेत, चपला बाहेर. भातात जेवायच्या काड्या (चॉपस्टिक्स) उभ्या खोचू नका, मृताला वाहिलेल्या उदबत्तीसारखं दिसतं ते. पौर्णिमेच्या संध्याकाळी दारांसमोर फळं, उदबत्त्या मांडून खोट्या कागदी नोटा जाळतात, तो नैवेद्य ओलांडू नका.

खऱ्या नोटांकडेही लक्ष असू द्या: वीस हजार आणि पाच लाख डोंगच्या दोन्ही निळसर असतात. लाख डोंग म्हणजे साधारण सव्वातीनशे-साडेतीनशे रुपये. सायकलरिक्षात बसण्याआधी भाडं आणि वेळ, दोन्ही ठरवा, आकडा मोबाइलवर टाइप करून दाखवा.

दा नांगहून ह्वेला आगगाडीनेच जा, अडीच-तीन तास लागतात. हाय वान घाटात रूळ समुद्राच्या कडेने जातात. जाताना उजवीकडच्या खिडक्या मागा. ई-व्हिसा सरकारी संकेतस्थळावरूनच काढा आणि अर्जातलं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर ताडून बघा, आई-बाबांच्या अर्जात विशेषतः.