मलम लावलं की गजकर्ण जातं, थांबवलं की परत येतं. काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जांघेत गोल लाल चट्टा आहे, ओळखीच्या एकाने सांगितलेलं मलम लावलं की दोन-तीन दिवसांत खाज थांबते, बंद केलं की आठवड्याभरात पुन्हा सुरू, आणि आता चट्टा मांडीवर उतरलाय. मलम बदलू की याहून जालीम घेऊ? आणि किती दिवस लावायचं? घरच्यांनीही लावायचं का?

मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. तुमचा चट्टा मी पाहिलेला नाही, त्यामुळे तो गजकर्णच आहे असं छातीठोकपणे सांगणार नाही. पण काउंटरवर रोज अशा ट्यूबा हातात येतात. त्यावरून सांगतो, जालीम मलम शोधायच्या आधी हातातल्या मलमात काय आहे ते वाचा.

ट्यूबवरचं मोठ्या अक्षरातलं नाव सोडून द्या. शेपटाकडे बारीक अक्षरांत घटकांची यादी असते, ती बघा. क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल, केटोकोनाझोल, ल्युलिकोनाझोल, टर्बिनाफिन ही बुरशीवरची औषधं. यांपैकी एकच नाव असेल तर उत्तम. पण शेजारी क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेटासोन, फ्लुओसिनोलोन असं काही दिसलं, तर त्या मलमात स्टेरॉइड, म्हणजे लाली-खाज दाबणारं औषध आहे. क्लोबेटासॉल हे नाव क्लोट्रिमाझोलच्या सख्ख्या भावासारखं वाटतं आणि तिथेच बरेच जण फसतात. प्रत्यक्षात ते त्वचेवर लावायच्या सगळ्यात कडक स्टेरॉइडांपैकी एक आहे. काही ट्यूबांत याच्या जोडीला निओमायसिन किंवा जेंटामायसिनसारखं प्रतिजैविकही कोंबलेलं असतं. बुरशीवर त्याचा काडीचा उपयोग नाही, आणि निओमायसिनची ॲलर्जी येऊन नवीच खाज सुरू होते ती वेगळी.

तुम्ही वर्णन केलंय ते, म्हणजे दोन-तीन दिवसांत आराम आणि थांबवताच उलटणं, हे स्टेरॉइडवाल्या मलमाचं अगदी ठरलेलं वागणं आहे. लाली आणि खाज ही बुरशीविरुद्ध शरीराने दिलेल्या झुंजीची खूण असते. स्टेरॉइड ती झुंजच थंड करतं. तुम्हाला बरं वाटतं, बुरशीला रान मोकळं मिळतं. चट्ट्याची नेहमीची खूण म्हणजे उंचावलेली, खपली धरलेली कड आणि मधे बरीचशी निवळलेली त्वचा. स्टेरॉइड लावत राहिलं की ही कड पुसट होते, वर्तुळात वर्तुळं उठतात, पुटकुळ्या येतात. मग डॉक्टरलाही ओळखणं अवघड जातं. १९६८ साली वैद्यकात याला नाव मिळालं, टिनिया इन्कॉग्निटो, म्हणजे वेष पालटलेलं गजकर्ण.

जांघेत हे जास्त महाग पडतं. तिथली त्वचा पातळ, घडीत दमटपणा, वरून कपड्याचा दाब, त्यामुळे औषध जास्त आत मुरतं. काही आठवड्यांच्या वापरानंतर त्वचा पातळ होते आणि गरोदरपणात पोटावर पडतात तसे पट्टे जांघेत उमटतात. ते कायमचे असतात, पुढे गजकर्ण पूर्ण बरं झालं तरी जात नाहीत. विशीतल्या मुलांच्या जांघेत असे पट्टे बघितले की मलम सुचवणाऱ्या त्या ‘ओळखीच्या’ माणसाचा मला राग येतो.

तुम्ही हे मलम आठवडे-महिने लावत आला असाल तर ते आजच फेकून मोकळे होऊ नका. एकदम थांबवल्यावर लाली आणि आग उसळून येते आणि माणूस घाबरून पुन्हा तीच ट्यूब पिळतो. अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि लाजेपोटी ट्यूब लपवू नका, सोबत घेऊन जा. चट्ट्याच्या कडेची थोडी खपली खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, बुरशीचे धागे लगेच दिसतात. साधी तपासणी आहे, दुखत नाही. पण आधी बुरशीचं मलम लावलेलं असलं तर धागे सापडत नाहीत, म्हणून काय आणि कधीपर्यंत लावलं ते सांगा.

आता समजा हातात निव्वळ बुरशीचंच मलम आहे. तरीही ते फुकट जाऊ शकतं, कारण बहुतेक जण ते फार कमी, फार थोड्या जागेवर आणि फार थोडे दिवस लावतात.

गजकर्णाची बुरशी त्वचेच्या सगळ्यात वरच्या मृत थरात राहते आणि तिथलं केराटिन नावाचं प्रथिन खाते. ती आतून बाहेर पसरत जाते, म्हणून डोळ्यांना दिसणाऱ्या कडेच्या पुढे ती आधीच पोचलेली असते. त्यामुळे मलम कडेपलीकडे साधारण २ सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे निरोगी दिसणाऱ्या त्वचेवरही लावायचं. बाहेरून आत येत लावा. मधून बाहेर चोळत गेलात तर बुरशीच पुढे ढकलली जाते. आधी जागा धुवून टिपून पूर्ण कोरडी करा. ओलसर घडीत मलम लावणं म्हणजे बुरशीला हवा तो दमटपणा तसाच ठेवणं. पातळ थर, त्वचेत जिरेपर्यंत, पुरतो. पांढरा लेप दिसत राहिला पाहिजे असं काही नाही. वरून पट्टी बांधू नका. नंतर हात साबणाने धुवा, डोळ्यांत-तोंडात जाऊ देऊ नका.

किती घ्यायचं? तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेषेपर्यंत ट्यूबमधून एक पट्टी काढा. मोठ्या माणसाच्या बोटावर ती साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि बोटांसकट दोन तळव्यांएवढी जागा झाकते. दोन्ही जांघा आणि भोवतीची कड धरली तर अंदाजे एवढीच जागा होते. दिवसातून दोनदा लावलं तर रोज १ ग्रॅम, म्हणजे १५ ग्रॅमची ट्यूब दोन आठवड्यांत संपली पाहिजे. तीच ट्यूब दोन महिने पुरते आहे असं कोणी मला कौतुकाने सांगितलं की मला कळतं, मलम लागलेलंच नाही.

किती दिवस, हा प्रश्न खरा. क्लोट्रिमाझोल दिवसातून दोन-तीन वेळा, साधारण २ ते ४ आठवडे. टर्बिनाफिन १ टक्क्याचं मलम दिवसातून एकदा किंवा दोनदा, बऱ्याचदा १ ते २ आठवड्यांत काम करतं. ट्यूबसोबतच्या कागदावर किंवा डॉक्टरांनी वेगळं लिहिलं असेल तर तेच खरं. फरकाचं कारण असं की टर्बिनाफिन बुरशी मारतं, तर क्लोट्रिमाझोलसारखी, नावाच्या शेवटी ‘झोल’ असलेली औषधं बहुतांशी तिची वाढ रोखतात आणि बाकीचं काम त्वचेच्या सावकाश होणाऱ्या गळतीवर सोडतात. तो वरचा थर पूर्ण बदलायला साधारण दोन आठवडे जातात. खाज चौथ्या दिवशी थांबली तरी बुरशी संपलेली नसते. म्हणून चट्टा दिसेनासा झाल्यावरही क्लोट्रिमाझोल निदान एक-दोन आठवडे चालू ठेवतात. त्या आठवड्यांत लावायचा कंटाळा येतो हे मान्य, पण परत येणारी बरीच गजकर्णं तिथेच सुटलेली असतात. मागे राहिलेला तपकिरी डाग हा संसर्ग नव्हे. तो महिन्यांनी फिका होतो, त्यासाठी मलम चोळत बसू नका.

सुरुवातीला किंचित चुणचुण चालते. आग वाढत गेली, फोड आले, सूज आली तर थांबवा, ती ॲलर्जी असू शकते. रक्त पातळ करणारी वॉरफेरिनची गोळी चालू असेल तर मायकोनाझोल लावायच्या आधी डॉक्टरांना विचारा, थोडं शोषलं गेलं तरी त्या गोळीचा परिणाम वाढू शकतो. जननेंद्रियांजवळ लावायच्या काही मलमांतल्या तेलकट घटकांनी लेटेक्सचे कंडोम कमकुवत होतात, हे पाकिटावर लिहिलेलं असतं पण कोणी वाचत नाही.

पायांच्या बोटांमध्ये चिखल्या आहेत का तेही बघा. असतील तर जांघेचा उगम तिथेच असण्याची दाट शक्यता आहे. अंडरवेअर चढवताना बुरशी पायावरून वर येते. दोन्हीकडे एकदम मलम लावा आणि आधी मोजे, मग अंडरवेअर घाला. ओले किंवा घामट कपडे अंगावर ठेवू नका, टॉवेल स्वतःचा वेगळा ठेवा. कपडे गरम पाण्यात धुवून कडकडीत वाळवा.

काही जागी मात्र मलमाने भागतच नाही. डोक्यावरचे केस आणि नखं यांच्यातली बुरशी खोल असते, तिथे बहुतेक वेळा पोटात घ्यायच्या गोळ्या लागतात. अंगभर पसरलेलं, मधुमेह किंवा प्रतिकारशक्ती कमी असताना झालेलं, किंवा नियमाने लावूनही तीन-चार आठवड्यांत न हललेलं गजकर्णही डॉक्टरांकडेच न्यायचं. २०२० मध्ये स्वतंत्र नाव मिळालेली ट्रायकोफायटन इंडोटिनी ही बुरशी तर बऱ्याचदा टर्बिनाफिनलाही दाद देत नाही, तेव्हा कुठलं औषध किती दिवस हे ठरवायला जाणकारच हवा. गोळ्या मात्र कोणाच्या सांगण्यावरून घेऊ नका, यकृतावर लक्ष ठेवावं लागतं आणि दुसऱ्या औषधांशी त्यांचं भांडण होतं.

आणि प्रत्येक गोल चट्टा गजकर्ण नसतो. सोरायसिस, इसब, नाण्याच्या आकाराचे इतर पुरळ सगळे तसेच दिसतात. जांघेत एरिथ्राझ्मा नावाचा जिवाणूंचा संसर्गही हुबेहूब तसा असतो. एक गोष्ट मात्र आवर्जून तपासा. चट्टा खाजत नसेल आणि कापसाचा बोळा फिरवल्यावर तिथे स्पर्श कमी जाणवत असेल, तर मलम-बिलम काही न लावता लगेच डॉक्टरांना दाखवा. असा बधिर चट्टा कुष्ठरोगाचा असू शकतो आणि वेळेवर उपचार घेतले तर तो पूर्ण बरा होतो.

शेवटी तुम्ही घरच्यांबद्दल विचारलंय. ज्यांच्या अंगावर चट्टा आहे त्यांच्यावर एकाच वेळी उपचार झाले पाहिजेत, नाहीतर एक बरा होतो तोवर दुसरा त्याला परत देतो. घरात कुत्रं-मांजर असेल आणि त्याचे केस गोल चकत्यांनी गळत असतील तर त्यालाही पशुवैद्याला दाखवा. ज्यांना काहीच नाही त्यांना ‘खबरदारी म्हणून’ मलम लावायची गरज नाही. आणि तुमची ती जुनी ट्यूब लहान मुलांच्या अंगाला मुळीच लावू नका, विशेषतः लंगोटाच्या जागी. डायपरखाली स्टेरॉइड आणखीच आत मुरतं. क्लोट्रिमाझोल आणि बीटामेथासोन एकत्र असलेल्या मलमाच्या अमेरिकेतल्या लेबलवर तर १७ वर्षांखालच्यांना ते देऊ नये असंच छापलेलं असतं.

ट्यूबवरचे घटक इथे टाका, स्टेरॉइड आहे की नाही ते सांगतो. चट्ट्याचा फोटो मात्र नको, फोटोवरून मी काही ओळखणार नाही.