दीड-दोन लाखांचं घड्याळ घ्यायचंय. दहा वर्षांनी आवड बदलली तर? आतापासून विचार करावा का?

करा, पण आपली पुढची आवड ओळखायच्या भानगडीत पडू नका. जे नंतर बदलता येत नाही तेवढंच जपून निवडा. पट्टा दोन मिनिटांत बदलतो. केसचा (म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचाचा) आकार, जाडी आणि डायल मात्र कायमची गळ्यात पडतात (मनगटात म्हणा). मी घड्याळं दुरुस्त करतो, आणि लोक मोडीत काढायला आणतात ती बहुतेक धडधाकट असतात. नुसती मोठी असतात. २००० नंतर ४४-४७ मिलिमीटरच्या ताटल्यांची लाट आली होती. आता तेच लोक ३६ ते ३९ मागतात. याउलट रोलेक्सचं डेटजस्ट १९४५ सालचं, ३६ मिलिमीटरचं, आणि कार्टिएच्या 'टँक' घड्याळाची घडण १९१७ची. दोन्ही आज घातली तरी जुनाट दिसत नाहीत.

दुकानात एवढं बघा:
- घड्याळाचे चारही पाय (पट्टा अडकतो ती केसची टोकं) मनगटाच्या आत बसतात का
- शर्टाची बाही बटण लावून त्यावरून सरकते का
- पायांमधलं अंतर १८ किंवा २० मिलिमीटर आहे का. या मापाचे पट्टे कुठेही मिळतात. पट्टा केसलाच जोडलेला असेल, तर कंपनीच्याच पट्ट्यावर अडकाल

हे सगळं रोज घालायच्या एकुलत्या एका घड्याळासाठी. पेटीत आधीच एखादं साधं, चांगलं घड्याळ असेल तर खुशाल भडक हिरव्या डायलचं घ्या.