सिस्टरांना विचारा: शेवटच्या घटकेचं तारण

या महिन्यात तीन पत्रं एकाच विषयावर आली, ठरवून पाठवल्यासारखी: शेवटच्या घटकेला देवाकडे वळलेल्या माणसाचं तारण, म्हणजे पापातून सुटका, होतं का? आधी एक गोष्ट परत सांगते, कारण नवे वाचक दर वेळी विचारतात. मी मठातली सिस्टर नाही, वॉर्डातली. मिरजेत नर्सिंग केलं, तीस वर्षं पाळ्या काढल्या, आणि वडील पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, होते म्हणून शास्त्र, म्हणजे बायबल, लहानपणापासून कानावरून गेलंय, एवढंच. चुकलं तर पाळकसाहेबांनी कान धरावा.

सिस्टर, मी हिंदू आहे, सातारला राहतो. माझ्या मित्राचे आजोबा घरीच वारले. आजी ख्रिश्चन, मुलं-नातवंडं चर्चला जाणारी, पण आजोबांनी स्वतः बाप्तिस्मा, म्हणजे पाणी घालून ख्रिस्ती करून घ्यायचा विधी, कधी घेतला नव्हता. शेवटच्या रात्री म्हणाले मला बाप्तिस्मा पाहिजे. पाळक पुण्याला गेलेले, ते निघाले पण पोचायच्या आत सगळं संपलं. घरातले अजून रडतात की पाणी घालायचं राहिलं. आजोबांचं तारण हुकलं का? आणि आमच्या गीतेत अंतकाळी स्मरण म्हणतात तेच ना हे?

बाळा, तुझ्या मित्राला बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे येशूच्या चरित्राचा, 23वा अध्याय काढायला सांग. येशूबरोबर दोन गुन्हेगारांना वधस्तंभावर दिलं होतं. शुभवर्तमानं लिहिणारे दुसरे दोघं, मत्तय आणि मार्क, लिहितात की दोघंही त्याची टिंगल करत होते, लूक मात्र सांगतो की त्यातला एक दुसऱ्याला गप्प करतो आणि म्हणतो आपल्याला मिळतंय ते आपल्या कर्माचं फळ आहे, या माणसानं तर काही केलेलं नाही. मग येशूकडे वळून म्हणतो तू तुझ्या राज्यात येशील तेव्हा माझी आठवण कर. उत्तर मिळतं, आज तू माझ्याबरोबर सुखलोकात, म्हणजे स्वर्गात, असशील. आता या माणसाला कुणी पाणी घातलं होतं का? त्याचे तर हातसुद्धा मोकळे नव्हते.

म्हणून आमच्यासारखे प्रोटेस्टंट म्हणतात बाप्तिस्मा घ्यायलाच हवा, ती आज्ञा आहे, पण घ्यायची इच्छा असून घेता आला नाही म्हणून दार बंद होत नाही. कॅथलिकांत तर आणखी सोय आहे, मरणाच्या दारात असलेल्याला पाळक-फादर नसेल तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, कुणीही म्हणजे तूसुद्धा, ख्रिश्चन नसलास तरी. चर्च जे करतं तेच मी करतोय असा हेतू मनात हवा, डोक्यावर पाणी घालायचं आणि पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावानं बाप्तिस्मा देतो म्हणायचं, झालं. आणि ज्याला हवा होता पण त्याआधीच गेला त्याच्यासाठी ते इच्छेचा बाप्तिस्मा असा शब्द वापरतात. आजोबांनी तर तोंडानं मागितला. घरच्यांना सांग, त्या पुण्याच्या रस्त्याचं ओझं डोक्यावरून उतरवा.

उशीर करणारे आजोबा पहिलेच नव्हेत हेही सांग. रोमचा बादशहा कॉन्स्टंटाईन, ज्याच्यामुळे चर्चला राजाश्रय मिळाला, त्यानं स्वतः बाप्तिस्मा घेतला तो 337 साली, मरायच्या थोडं आधी. त्या काळात कितीतरी लोक मुद्दाम लांबवायचे, आधी घेतला आणि नंतर मोठं पाप घडलं तर काय, या भीतीनं.

गीतेचं म्हणशील तर आठव्या अध्यायात तो श्लोक आहे हे खरं, आणि भागवतातला अजामिळ मुलाला नारायण म्हणून हाक मारतो आणि तरतो. तिथे नामाचा महिमा आहे. आमच्यात नुसतं नाव तोंडातून निघालं यावर भागत नाही, माणूस वळला का ते बघतात, तो गुन्हेगार आधी कबूल करतो आणि मग मागतो. शेजारशेजारची घरं आहेत पण एकच घर नाही.

सिस्टर, असं असेल तर मग जन्मभर मजा करायची आणि शेवटची पाच मिनिटं सॉरी म्हणायचं, चर्चची कटकट कशाला? (विट्याचा एक वाचक, रागावू नका)

रागावत नाही. फक्त ती पाच मिनिटं कुठली ते तुला कोण सांगणार? वॉर्डात मी जे पाहिलं त्यात शेवटच्या घटकेला बहुतेकांच्या घशात नळी असते, झोपेचं औषध चालू असतं, नाहीतर साखर इतकी वर गेलेली असते की स्वतःची बायको ओळखू येत नाही. ट्रकखाली गेलेल्याचं तर बोलायलाच नको. सिनेमात मरताना लोक जेवढं बोलतात तेवढं बोलणारा पेशंट मला एकही भेटला नाही. आमच्यात जुनं वाक्य आहे, एक चोर तरला म्हणून कुणी आशा सोडू नये आणि एकच तरला म्हणून कुणी गाफील राहू नये. पुढचं पत्र वाच, मजेचं बिल कुणाच्या नावावर फाटतं ते कळेल.

सिस्टर, जय ख्रिस्त. आम्ही मिरजेचेच. पप्पा जानेवारीत गेले. जन्मभर प्यायले, आईला मारलं, माझ्या लग्नाचं सोनं विकलं. आईनं एक रविवार चुकवला नाही, लोकांकडे पोळ्या लाटून आम्हाला शिकवलं. शेवटी पप्पांचं लिव्हर गेलं, चार दिवस होते, शुद्धीत होते. पाळक आले तेव्हा त्यांचा हात धरून खूप रडले, प्रार्थना केली. आता आत्याचं म्हणणं थडग्यावर ‘तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ हे वचन घालायचं, दगडवाल्याला ॲडव्हान्सपण दिलाय. आई म्हणते ते वचन लागलं तर मी दफनभूमीत पाय ठेवणार नाही. मला म्हणाली, मग मी चाळीस वर्षं काय केलं? मला उत्तर देता आलं नाही. पप्पा खरंच स्वर्गात असतील का? आणि आई चुकतीये का?

अगं, कोण कुठे गेलं याचं रजिस्टर माझ्याकडे नाही आणि आत्याकडेही नाही. पण आपला विश्वास काय सांगतो ते सांगते. बायबलातल्या इफिसकरांच्या पत्रात प्रेषित पौल लिहितो तारण कृपेनं होतं, कर्मानं नाही, म्हणजे कुणी फुशारकी मारायला नको. पप्पा खरंच वळले असतील तर चार दिवस भरपूर झाले, चार मिनिटंसुद्धा पुरतात. इथपर्यंत आत्याचं बरोबर.

आता आईचं. मत्तयाच्या 20व्या अध्यायातली द्राक्षमळ्याची गोष्ट तुला संडे स्कूलपासून पाठ असणार, आपण तर तासगावच्या जवळचे, आपल्याला ती वेगळी समजावून सांगायला नको. मालक पहाटे माणसं लावतो, मग नऊला, बाराला, तीनला, आणि पाचला परत नाक्यावर जातो तर काही जण उभेच, म्हणतात आम्हाला कुणी कामावर घेतलंच नाही. संध्याकाळी सगळ्यांना सारखाच रोज, एक दिनार, आणि तोही शेवटच्यांना आधी, म्हणजे पहाटेपासून उन्हात राबलेल्यांच्या डोळ्यासमोर. ते कुरकुरतात. मालक त्यांना हाकलत नाही हं, मित्रा म्हणतो, तुझा ठरलेला रोज तुला दिलाय म्हणतो.

लोक ही गोष्ट तुझ्या आईसारख्या बायकांना गप्प करायला वापरतात, ते मला पटत नाही. पाच वाजता आलेल्यांनी पहाटेच्या मजुरांचं काही बिघडवलं नव्हतं, ते बिचारे नाक्यावर उभे होते. तुझे पप्पा नाक्यावर नव्हते. ते मळ्यातच होते आणि आईनं भरलेले क्रेट लाथेनं उलटे करत होते. हा हिशोब वेगळा आहे आणि तो त्या एका दिनारात बसत नाही.

त्या गुन्हेगाराचंही पुढचं कुणी वाचत नाही. चौथं शुभवर्तमान लिहिणारा योहान लिहितो की नंतर शिपाई आले आणि त्या दोघांचे पाय मोडले. सुखलोकाचं वचन मिळालं होतं, तरी पाय मोडायचे ते मोडलेच. वरची माफी झाली म्हणून खालचं सगळं पुसलं जात नाही. लूकमधल्या जक्कय जकातदाराला वळल्यावर भरपाई करायला वेळ होता, तो म्हणाला ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत करतो.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पप्पांनी पाळकांचा हात धरला असं लिहिलंयस. आईचा हात धरला का ते लिहिलेलं नाहीस.

एक पेशंट आठवतो, नाव-गाव सोड. ऑक्सिजनवर होता, बायको कापसाचा बोळा पाण्यात बुडवून ओठांना लावायची आणि तो भिंतीकडे बघत पडायचा. एका रात्री त्यानं मास्क ओढून काढला, मशीन ओरडायला लागलं, मी पळत गेले, त्याला रागावले पण. तो बायकोकडे बघून एकच शब्द बोलला, “पाटल्या”. ती म्हणाली असू दे, मास्क लावा आधी. ती माफी होती का तिनं मास्क लावायची घाई केली ते मला आजपर्यंत कळलेलं नाही, पण तो तिच्याशी बोलला.

आई चुकत नाहीये. येशूनं सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीत सगळं उडवून परत आलेल्या धाकट्यासाठी बाप मेजवानी घालतो, म्हणून घरीच राबलेला थोरला भाऊ रागावून बाहेर उभा राहतो, बाप स्वतः उठून बाहेर येतो, समजूत काढतो, माझं आहे ते सगळं तुझंच आहे म्हणतो. पण मग तो आत गेला का? लूक लिहीतच नाही, गोष्ट तिथेच थांबते. आईला उभं राहू दे बाहेर, हाताला धरून ओढू नको, आणि आत्यालाही ओढू देऊ नको. चाळीस वर्षं काय केलं त्याचं उत्तर तूच पत्रात लिहिलंयस, ते तिला वाचून दाखव.

दगडाचं म्हणशील तर आत्याला सांग नाव आणि दोन तारखा पुरेत. आमच्याकडचा दगडवाला अक्षरावर पैसे घेतो, तुमचाही घेत असेल तर ॲडव्हान्समधले उरतील. खाली चार ओळींची जागा कोरी सोडायला लावा. पुढे कधी आईला काही घालावंसं वाटलं तर घालेल.