चंदीगडच्या रॉक गार्डनसाठी अर्धा दिवस काढावा का?

तुम्ही विचारलंय की शिमल्याला जाताना चंदीगडच्या रॉक गार्डनसाठी अर्धा दिवस मोडावा का, की ते नुसतं भंगाराचं प्रदर्शन आहे. मोडा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा टूरवाल्याने पाऊण तास दिला होता, त्यातली दहा मिनिटं तिकिटाच्या रांगेतच गेली. पुढे आईला घेऊन आपलं आपण गेलो, तेव्हा कुठे धड बघून झालं.

ही बाग करणारे नेकचंद सैनी ना शिल्पकार, ना आर्किटेक्ट. जन्म १९२४ चा, गाव शकरगडकडचं, जे आता पाकिस्तानात आहे. फाळणीत घर सुटलं. नवं चंदीगड उभं राहत होतं तेव्हा ते तिथे सरकारी खात्यात रोड इन्स्पेक्टर म्हणून लागले. ल कॉर्बुझिए या फ्रेंच-स्विस आर्किटेक्टने आखलेल्या आखीवरेखीव शहरासाठी जुनी खेडी उठवली जात होती, आणि त्या घरांच्या फरशा, कपबशा, माठ, विजेची बटणं असं सगळं ढिगाऱ्यात पडत होतं. ड्युटी संपली की हा माणूस सायकल काढायचा, ढिगारे धुंडाळायचा, शिवालिकच्या पायथ्याच्या नद्यांतून गोटे वेचून आणायचा. सुखना तलावाजवळच्या जंगलात, जिथे बांधकामाला सक्त मनाई, तिथे १९५७ पासून हे काम गुपचूप चाललं होतं. अठरा वर्षं! १९७५ मध्ये सरकारी माणसं तिथे पोचली तोवर बाग बारा एकरांवर पसरली होती.

कायद्याने बघितलं तर सरळसरळ अतिक्रमण. तेही सरकारी नोकराने केलेलं. पण लोकांना ते आवडलं, आणि १९७६ मध्ये बाग सर्वांसाठी खुली झाली. नेकचंदना याच कामासाठी पगार आणि हाताखाली पन्नास मजूर मिळाले. आपल्याकडे चहाच्या टपरीलाही इतकी सवलत मिळत नाही. १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली ती वेगळी.

बहुतेक लोक फोटोसाठी पुढच्या पुतळ्यांकडे पळतात. तुम्ही सुरुवातीच्या चौकांत रेंगाळा. तिथले कितीतरी दगड घडवलेले नाहीतच. नदीने जसे झिजवले तसेच उभे केलेत. एखादा वाकलेल्या म्हाताऱ्यासारखा, एखादा बसलेल्या जनावरासारखा. छिन्नी लावलेली नाही, फक्त कुठली बाजू वर ठेवायची ते त्या माणसाने ठरवलं. आपण खंडोबा-म्हसोबाचा तांदळा बघत मोठे झालेलो असतो, त्यामुळे न घडवलेल्या दगडात कुणीतरी बसलेलं दिसणं आपल्याला अवघड जात नाही. मला तरी पुतळ्यांपेक्षा हेच जास्त भावलं.

पुढे मग रांगाच्या रांगा: बायका, माकडं, मोर, हंडेवाल्या. आत सायकलीच्या सांगाड्यासारखं काहीतरी लोखंड, त्यावर सिमेंट, आणि सिमेंट ओलं असताना दाबून बसवलेले तुकडे. एका बाईचं अख्खं वस्त्र बांगड्यांच्या काचांचं आहे. हिरवी, लाल, निळी. आई तिच्यापुढे बराच वेळ थांबली. मी सहज म्हणालो, "फुटक्या बांगड्या आहेत सगळ्या." तर लगेच, "फुटक्या नाही म्हणू रे, वाढवलेल्या म्हण." मग हळूच, "किती जणींच्या असतील."

वाटा अरुंद आणि दारं मुद्दाम ठेंगणी आहेत, राजवाड्यात शिरताना मान लववावी तशी. आई पाच फुटांच्या आतली, ती आरामात गेली. माझं कपाळ दोनदा आपटलं. चढउतार आहेत, धबधब्यांच्या बाजूला ओल असते, तेव्हा गुडघेदुखीवाले सोबत असतील तर बूट घालूनच जा. शेवटच्या भागात मोठमोठ्या कमानी आणि त्यांना टांगलेले झोपाळे आहेत. मुलं तिथून हलत नाहीत. मला तो भाग जरा जत्रेसारखा वाटला, पण माझं सोडा.

आणि जायचं तर फार लांबवू नका. १९९० च्या सुमारास रस्त्यासाठी बुलडोझर आले, तेव्हा शहरातले लोक आडवे उभे राहिले आणि बाग वाचली. नेकचंद २०१५ मध्ये गेले. २०२५ च्या मार्चमध्ये शेजारच्या हायकोर्टाच्या पार्किंग आणि रस्त्यापायी बागेच्या भिंतीचा एक भाग मात्र पाडलाच, लोकांनी विरोध करूनही.