पेरणीनंतरचं तणनाशक राहिलं, आता 22 दिवसांच्या सोयाबीनला काय करू?

भावा, तू लिहिलंस त्यावरून मला समजलं ते असं: शिरोळकडचं काळं रान, दीड एकर, सोयाबीन 22 दिवसांचं, एका बाजूला शेजाऱ्याचा ऊस. पेरलं आणि दुसऱ्याच दिवसापासून पाऊस लागला, म्हणून पेंडीमिथॅलिन हे पेरल्यावर लगेच मारायचं तणनाशक राहिलं. तो डबा घरात तसाच आहे. दुकानदार म्हणतो दोन औषधं एकत्र करून दीडपट मार, आई म्हणते बायका लावून भांगलून घेऊ. आईचं निम्म्याहून जास्त बरोबर आहे.

आधी डब्याचं बघू. पेंडीमिथॅलिन उगवून आलेल्या तणाचं काही वाकडं करत नाही. ते मातीच्या वरच्या थरात बसतं आणि बी रुजताना कोंब नि मूळ तिथंच दाबतं. पेरल्यापासून दोन-तीन दिवसांत, ओलीवर पडलं तरच त्याचा उपयोग. आत्ता मारलंस तर पैसे मातीत. डायक्लोसुलामही पेरणीनंतर लगेच मारायचंच औषध आहे, उगवलेल्या सोयाबीनवर ते मारलं तर पिकालाच धक्का. डबा बंद करून ठेव, मुदत असली तर पुढच्या पेरणीला चालेल.

आता रानात जाऊन ओळीत खाली बस. बांधावरून बघून औषध ठरवू नको. 22 दिवसांच्या रानात तणाच्या दोन पिढ्या असतात. पहिली सोयाबीनबरोबर उगवलेली, ती एव्हाना सहा-आठ पानांवर गेलेली असणार. दुसरी मधल्या पावसावर आलेली, दोन ते चार पानांची. उगवणीनंतरची सगळी तणनाशकं या दुसऱ्या पिढीसाठी आहेत. मोठ्या तणाला ती नुसती पिवळी करतात, पंधरा दिवसांनी ते बगलेतून परत फुटतं आणि आपण म्हणतो औषध डुप्लिकेट होतं. दीडपट मारल्यानं हे बदलत नाही. तण मरायच्या आधी सोयाबीन थांबतं.

दुसरं बघायचं ते तणाची जात. शिप्पी, हरळीसारखं खरं गवत किती, कुर्डू-माठ-दुधीसारखं रुंद पानाचं किती, आणि लव्हाळा-केना किती. लव्हाळा गवतासारखा दिसतो, पण काडी बोटांत फिरवून बघ, तीन धारा लागतात. केन्यालाही लोक गवतात धरतात. म्हणून नुसतं क्विझालोफॉप मारलेल्या रानात महिन्याभरानं केना आणि लव्हाळाच डुलत असतो. ते औषध फक्त खऱ्या गवतावर चालतं, या दोघांना ते लागूच नाही.

यापुढचं सगळं वाफशावर, म्हणजे रान औत चालण्याइतकं सुकतंय का यावर. दोन दिवस ऊन पडून वाफसा आला तर माझं मत सरळ आहे: कोळपा (ओळींच्या मधून चालणारं तण काढायचं औत) घाल, ओळीतलं बायकांकडून भांगलून घे आणि औषधाच्या नादालाच लागू नको. 45 सेंटीमीटरच्या ओळीत कोळपा चांगला चालतो, मधलं तण जातं, माती हलते, भेगा मुजतात. पिकात जे काही नुकसान व्हायचं ते पहिल्या महिना-दीड महिन्यात होतं, नंतर सोयाबीन ओळ झाकून स्वतःच तण दाबतं. फुले संगमसारखी पसरणारी जात असेल तर आणखी लवकर. पण वाफसा नसताना काळ्या रानात औत घातलंस तर ढेकळं उलटतील आणि उपटलेलं तण त्याच ओलीवर पुन्हा जगेल. आपल्याकडं आषाढात हेच होतं, म्हणून दुसरी वाट पण सांगतो.

पाऊस उघडलाच नाही, तर मोठं तण आधी हातानं उपटून घे. ओल्या रानात ते मुळासकट येतं, खुरपं फारसं लागत नाही. हे आधी करायला सांगतोय त्याला आणखी एक कारण आहे, म्हैस. भांगलणीचं गवत बायका भारे बांधून घरी नेतात. फवारणीनंतर त्या रानातली एक काडी गोठ्यात जाता कामा नये. तेव्हा वैरणीचं आधी काढा, मग फवारा, आणि बायकांना स्पष्ट सांग.

मग उरलेल्या बारीक तणावर 25-26 दिवसांच्या आत फवारणी. गवत आणि रुंद पान दोन्ही मिसळून असेल तर फ्लुॲझिफॉप अधिक फोमेसाफेन हे तयार मिश्रण, एकरी 400 मिली. यानं सोयाबीनची पानं तांबूस होतात, डाग पडतात. घाबरून लगेच टॉनिक मारायला धावू नको, आठ-दहा दिवसांत नवं पान स्वच्छ येतं. इमॅझेथापायर 10 टक्केवालंही एकरी 400 मिलीच, पण त्याची खरी वेळ 15 ते 20 दिवसांची, तुझी ती निघून चाललीय. शिवाय ते सावकाश मारतं आणि मातीत बरेच दिवस राहतं. सोयाबीन काढून कांदा किंवा भाजीपाला करणार असशील तर ते घेऊच नको. नुसतं गवत असेल तर क्विझालोफॉप 5 टक्के पुरे. दोन वेगळे डबे घरी मिसळायचे नाहीत, 19:19:19 खत नाही, अळीचं औषध नाही.

पाणी एकरी 200 लिटर. म्हणजे 16 लिटरचे बारा-तेरा पंप, पंपाला साधारण 32 मिली. सात-आठ पंपांत एकर उरकणारा गडी मिळाला तर त्याला चहा पाजून परत पाठव. अळीच्या औषधाचा गोल नोझल काढून पंख्यासारखा चपटा फवारा पडणारा लाव, वारा पडलेला बघ आणि पुढं तीन तास तरी उघडीप हवी. उसाच्या बाजूच्या चार-पाच ओळी हातानंच भांगल. गवत मारणारं औषध उसावर उडालं की शेंडा पिवळा पडतो, कारण ऊस म्हणजे शेवटी गवतच, आणि मग शेजाऱ्याबरोबर वर्षभर बोलणं बंद. फवारल्यावर आठ-दहा दिवस कोळपा घालू नको, औषध मुळापर्यंत उतरू दे. त्यानंतर वाफसा मिळाला तर फुलं लागायच्या आत कोळप्याची एक पाळी घाल.

पंपाचं मात्र मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. एका वर्षी उसात टू-फोर-डी हे रुंद पानाच्या तणाचं औषध मारलं, पंप दोनदा विसळला आणि त्याच पंपानं सोयाबीनवर अळीचं औषध घेतलं. तिसऱ्या दिवशी शेंडे वाकडे, आठवड्यात नवी पानं चिंचोळ्या पट्टीसारखी. मी रोगच समजलो आणि वर बुरशीनाशक मारलं. शेवटी वडील बांधावर आले आणि एवढंच म्हणाले, "पंप कुठला घेतलावतास?" त्या पट्ट्यात शेंगाच धरल्या नाहीत. तेव्हापासून तणनाशकाचा पंप वेगळा, त्याला लाल चिंधी बांधलेली. तुझ्याकडं एकच असेल तर कपड्याच्या पावडरीचं पाणी भरून रात्रभर ठेव, नळी-नोझलमधूनही ते सोड, मग दोनदा साध्या पाण्यानं काढ.

लव्हाळ्याचं यंदा सोड. सोयाबीनमध्ये त्याच्या गाठी मारणारं औषध मी तुला सांगणार नाही. हॅलोसल्फ्युरॉन उसात चालतं, तू पुढं ऊस लावणार असशील तर तिथं त्याचा हिशेब कर. केना मात्र यंदाच आवर. त्याचा प्रत्येक कांडा ओलीत मूळ धरतो, आणि वरच्या निळ्या फुलांशिवाय जमिनीखालीही त्याला फुलं येऊन बी धरतं. म्हणून उपटलेला केना सरीत किंवा बांधावर टाकायचा नाही, पाटीत भरून रानाबाहेर. फवारायच्या आधीचा असेल तर म्हैस आवडीनं खाते.

पीक चाळीस दिवसांच्या पुढं गेलं की त्यात औत नको, फुलं-मुळं दुखावतात. तेव्हा फक्त सोयाबीनच्या वर डोकं काढलेला कुर्डू दिसेल, तो तुरा वाळून काळं बी गळायच्या आत उपटून घे.