परतीच्या विमानापासून उलटे मोजा

प्रश्न : आम्ही जानेवारीत अंदमानला जातोय. पाच रात्री, सहा दिवस, त्यातल्या मधल्या तीन रात्री हॅवलॉकच्या रिसॉर्टवर. मला तिथे स्कूबाचं सर्टिफिकेट घ्यायचं आहे. वय ४१, चष्मा साडेतीनचा, पोहता येतं पण दम लागतो. नवरा पाण्यात उतरणार नाही. बारा वर्षांच्या मुलीला मात्र माझ्यासोबत यायचंय. मैत्रीण म्हणते, रिसॉर्टवालेच तीन तासांत सगळं उरकून देतात. खरं का? – म. कु., नाशिक

तीन तासांत उरकतं, पण ते सर्टिफिकेट नव्हे. प्रशिक्षक तुम्हाला पाठीमागून धरतो, फार तर १२ मीटरपर्यंत नेतो, मासे दाखवतो आणि फोटो काढून वर आणतो. छान अनुभव असतो, जरूर घ्या. पण तुम्ही विचारताय तो समुद्रातल्या चार डुबक्यांचा, परीक्षेचा आणि पोहण्याच्या चाचणीचा कोर्स आहे. त्याला ओपन वॉटर म्हणतात. तो झाला की जगात कुठेही जोडीदारासोबत १८ मीटरपर्यंत उतरायची मुभा मिळते.

आता तुमचं वेळापत्रक. मला विचाराल तर स्कूबाचं नियोजन पहिल्या दिवसापासून करू नये, परतीच्या विमानापासून उलटं करावं. अनेक डुबक्या झाल्यावर विमानात बसण्याआधी निदान १८ तास कोरडे जावे लागतात. मी माझ्या विद्यार्थ्यांना २४ सांगते. पाण्याखाली दाबामुळे हवेतला नायट्रोजन रक्तात विरघळतो, आणि त्याला शांतपणे बाहेर पडायला वेळ लागतो. विमानात दाब कमी होतो. सोड्याची बाटली झटकन उघडली की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. तेच आपल्या सांध्यांत होऊ द्यायचं नाही.

म्हणजे तुमचा सहावा दिवस विमानाचा. पाचव्या दिवशी दुपारी जहाजाने पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्रीविजयपुरम. त्या सकाळी शेवटची डुबकी मारली तर १८ तासांचा हिशेब कसाबसा बसेल, पण बोटीला उशीर झाला, वारा उठला, की सगळं कोसळलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही हॅवलॉकला पोचणार दुपारी, थकलेल्या. उरले तिसरा आणि चौथा. त्यात थिअरी, उथळ पाण्यातले धडे आणि खऱ्या समुद्रातल्या चार डुबक्या कोंबायच्या. कागदावर होतं. मी हे स्वतः करून बघितलंय, म्हणून सांगते.

२००९च्या फेब्रुवारीत मी बँकेत होते, एलटीसी घेऊन गेले होते. तेव्हा ते बेट हॅवलॉकच होतं; स्वराज द्वीप हे नाव २०१८च्या डिसेंबरात आलं. माझीही सुट्टी अशीच आखलेली, एकही दिवस सैल नाही. पहिल्या दोन डुबक्या झाल्या आणि तिसऱ्या दिवशी पहाटे नाक चोंदलं. सुटीचे पैसे भरलेले, परत कधी यायला मिळेल कुणास ठाऊक, म्हणून मी सर्दीची गोळी घेतली आणि कुणाला बोलले नाही. खाली जाताना कान उघडले, म्हणजे आतला-बाहेरचा दाब जुळला. वीस मिनिटांनी गोळीचा जोर ओसरला आणि वर येताना कपाळात कुणी सळई घालावी तसं झालं. आत अडकलेली हवा फुगत होती आणि तिला बाहेर पडायला वाट नव्हती. बोटीवर डोळ्या-नाकावरचा मास्क काढला तर आत रक्त. प्रशिक्षकाने वही बंद केली आणि म्हणाला, आज नाही, उद्याही नाही. उरलेल्या दोन डुबक्यांसाठी मी २०१०च्या जानेवारीत पुन्हा गेले. अर्धवट राहिलेला कोर्स पुढे चालू ठेवायला शेवटच्या धड्यापासून १२ महिने असतात, मी अकराव्यात पोचले. त्या एका गोळीची किंमत विमानाचं दुसरं तिकीट.

तेव्हा तुम्ही असं करा. पुस्तकी भाग ऑनलाइन घरी बसून संपवा; वाचायला आठ-दहा तास लागतात, आणि पोळ्या लाटून झाल्यावर रोज अर्धा तास वाचलं तर डिसेंबरात होतो. पूलमधले धडे जाण्याआधी पुण्या-मुंबईत उरका. तिथे तरणतलाव भाड्याने घेऊन शिकवणारे प्रशिक्षक आहेत, आणि तारकर्लीला एमटीडीसीच्या केंद्रात तर डायव्हिंगसाठीच बांधलेला खोल तलाव आहे. ते झालं की एक कागद मिळतो, तो हॅवलॉकच्या केंद्राला आधी पाठवा आणि ते स्वीकारतील का हे लेखी विचारा. मग समुद्रात फक्त चार डुबक्या उरतात, तिसऱ्या दिवशी दोन, चौथ्या दिवशी दोन. पाचवा दिवस राखीव. तरी माझं मन म्हणतं, पोर्ट ब्लेअरची एक रात्र कमी करा आणि हॅवलॉकला चौथी घ्या. सेल्युलर जेल बघायला अर्धा दिवस पुरतो.

पोहण्याचं. नियमाप्रमाणे २०० मीटर न थांबता पोहावं लागतं, कुठल्याही पद्धतीने, वेळेचं बंधन नाही. पंचवीस मीटरच्या तलावात आठ फेऱ्या. आणि दहा मिनिटं कशालाही न धरता तरंगायचं. दम लागतो म्हणता, तर आतापासून आठवड्यात तीनदा जा, पण वेग वाढवू नका, कमी करा. बहुतेकांचा दम वेगामुळे लागतो. पाण्याखालीही हेच लागू आहे. जोरात पाय मारणाऱ्याचा टँक आधी संपतो. आणि हो, त्या टँकला कृपया 'ऑक्सिजनचा सिलिंडर' म्हणू नका, आम्ही दात-ओठ खातो. त्यात आपण आत्ता घेतोय तीच हवा असते, फक्त कोरडी आणि दाबलेली.

मुलीचं. बारा वर्षांची मुलं ज्युनियर ओपन वॉटर करू शकतात, आणि पुढे प्रौढ प्रमाणित डायव्हरसोबत १८ मीटरपर्यंत जाऊ शकतात. (दहा-अकराच्या मुलांना १२ मीटरची मर्यादा असते.) पण नियमाने चालतं म्हणून आईच्या हौसेपायी तिला ढकलू नका. पूलमधल्या पहिल्या दिवशीच कळेल. ती मास्कमधून पाणी काढताना हसली तर घेऊन जा. आणि कार्ड मिळाल्यावर पहिली काही वर्षं तुम्ही दोघींनीच मिळून उतरायचं नाही. दोन नवख्या एकमेकींच्या बडी, म्हणजे पाण्याखालच्या जोडीदार, झाल्या तर दोघींनाही मदत लागली की विचारायचं कुणाला?

मास्कची भीती मात्र खरी आहे आणि ती पोहण्याशी निगडित नाही. तळाशी गुडघ्यांवर बसून मास्क अर्धा पाण्याने भरायचा, मग मान थोडी वर करून नाकाने फुंकायचं, की पाणी खालून निघून जातं. पुढच्या पायरीला तो पूर्ण काढून परत घालायचा. नाकपुडीला पाणी लागलं की मेंदू ओरडतो, तोंडाने श्वास चालू आहे हे त्याला पटत नाही. माझ्या सासूबाईंनी मला न्हाणीघरात पाहिलं होतं : बादलीत तोंड, तोंडात स्नॉर्कल म्हणजे श्वासाची नळी, मास्क नाही, आणि मी दोन मिनिटं श्वास घेत्ये. त्यांनी काही विचारलं नाही, दार ओढून घेतलं. पण त्या बादलीनेच मला वाचवलं. तुम्हीही करून बघा, मुलीलाही करू द्या.

चष्म्याचं सोपं आहे. नंबरचे मास्क मिळतात, साडेतीनचं माप बऱ्याच केंद्रांत असतं, पण आधी विचारा. मऊ कॉन्टॅक्ट लेन्सही चालतात. मास्क काढायच्या धड्याच्या वेळी डोळे मिटा आणि लेन्सची एक जोडी जास्त न्या.

केंद्र निवडताना दराआधी हे विचारा : एका प्रशिक्षकामागे किती जण? नियम आठपर्यंत सोडतो. माझ्याकडे चार झाले की मी पाचव्याला दुसऱ्या दिवशी बोलावते. पुस्तक, कार्डाची फी, बोट, साहित्य हे सगळं दरात धरलंय का? आणि एखादी डुबकी हवामानाने हुकली तर? ज्याने शेवटच्या प्रश्नाला 'काही हुकत नाही मॅडम' असं उत्तर दिलं, त्याच्याकडे जाऊ नका.

नवऱ्याला सात नंबरचा किनारा, म्हणजे राधानगर दाखवा, तो संध्याकाळपर्यंत तिथून उठणार नाही. तुम्ही दोन नंबरच्या किनाऱ्याजवळच्या निमो रीफवर बहुधा पहिल्यांदा उतराल; वाळूचा तळ हळूहळू खाली जातो, नवख्यांना बरं पडतं. आणि खाली मजा आली म्हणून अंगठा वर करू नका. त्या खुणेचा अर्थ 'वर चला' असा आहे, तुम्हाला खरोखरच वर नेतील. बरं आहे म्हणायला तर्जनी आणि अंगठ्याचं गोल करायचं.

प्रश्न : मी गेल्या मे महिन्यात मालवणला स्कूबा केलं, त्यांनी सर्टिफिकेटही दिलं आहे. मालदीवला ते दाखवून थेट खोल डायव्ह करता येईल ना? – एक वाचक, चिंचवड

नाही हो. ते फ्रेम करून भिंतीला लावा, नाहीतर व्हिडिओसोबत ठेवा. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास जे करतात ती चाचणी-डुबकी असते. तुमची पाठ, तुमची हवा, तुमची खोली सगळं दुसऱ्याच्या हातात होतं. तुम्ही फक्त श्वास घेतलात. मालदीवचं केंद्र कार्ड मागेल आणि त्यासोबत नोंदवही, ज्यात आतापर्यंतच्या डुबक्यांची खोली, वेळ आणि सही असते. तिथे गेल्यावर कोर्स करायचा असेल तर वरचं उत्तर तुम्हालाही लागू आहे, विमानाचं गणित धरून. तिथे लांबच्या बेटांवर बरेचदा समुद्री विमानाने नेतात, तेही विमानच.

प्रश्न : वय ६१, बीपीची एक गोळी रोज चालू, बाकी तब्येत ठणठणीत. फॉर्ममध्ये बीपीचं लिहिलं तर पाण्यात उतरू देणार नाहीत असं ऐकलं. लिहू की नको? – र. जो., रत्नागिरी

लिहा. तो फॉर्म तुम्हाला घरी पाठवण्यासाठी नसतो. एखाद्या प्रश्नाला 'होय' आलं तर डॉक्टरांची सही लागते, एवढंच. ६१व्या वर्षी नियंत्रणात असलेलं बीपी आणि बरा स्टॅमिना घेऊन शिकलेले माझे विद्यार्थी आहेत. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाची शस्त्रक्रिया यांचं मात्र वेगळं, तिथे डायव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरांशीच बोला.

सही घरून घेऊन निघा. बेटावर पोचून डॉक्टर शोधण्यात अख्खी सकाळ जाते, आणि लिहून देणारा तुम्हाला पहिल्यांदाच बघत असतो. फॉर्म मागवून घ्या, तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना पानभर वाचू द्या, गोळीचं नाव सांगा आणि तिचा पाण्याखाली, दमल्यावर काही परिणाम होतो का हे विचारा. बोट सकाळी लवकर सुटते, तेव्हा गोळी कितीला घ्यायची तेही त्यांनाच विचारून ठेवा.