दिल्लीतील कार्यालये नागपूरला आणता येतील का?

प्रश्न : माझी मुलगी दिल्लीत एका केंद्रीय कार्यालयात नोकरीला आहे. पगाराचा मोठा हिस्सा घरभाड्यात जातो आणि रोजचे तीन तास प्रवासात. ज्या कार्यालयांचा मंत्र्यांशी रोजचा संबंध येत नाही, ती नागपूरसारख्या शहरात का हलवू नयेत? अमेरिकेने काही वर्षांपूर्वी असे केल्याचे वाचले होते. तेथील अनुभव काय सांगतो?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : आपल्या प्रश्नामागची तळमळ मला समजते आणि मूळ मुद्दाही पटतो. भारतीय सर्वेक्षण विभाग डेहराडूनहून, भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभाग कोलकात्याहून आणि इस्रो बंगळुरूहून चालते. आपल्याच शहरात भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय आहे. त्यांचे काम दिल्लीवाचून अडलेले नाही. मात्र ही कार्यालये त्या त्या गावी अनेक दशके रुजलेली आहेत. चालते कार्यालय उचलून दुसरीकडे नेणे ही निराळी गोष्ट आहे, आणि अमेरिकेचा अनुभव नेमका तिच्याविषयी आहे.

तेथील ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट हे खाते सुमारे २४.५ कोटी एकर सार्वजनिक जमीन सांभाळते आणि ही जमीन जवळजवळ सगळी पश्चिमेकडील राज्यांत आहे. तेव्हा मुख्यालय वॉशिंग्टनमध्ये कशाला, असा विचार करून २०१९ मध्ये ते कोलोरॅडोतील ग्रँड जंक्शन या छोट्या शहरात नेण्याचे जाहीर झाले. विचार चुकीचा म्हणता येणार नाही. पण राजधानीबाहेर हलवलेल्या ३२८ पदांवरील माणसांपैकी २८७ जणांनी निवृत्ती घेतली किंवा ते खाते सोडून गेले. ४१ जण स्थलांतरित झाले आणि त्यांतले अवघे तीन ग्रँड जंक्शनला पोहोचले. २०२१ मध्ये मुख्यालय पुन्हा वॉशिंग्टनला आणण्याचा निर्णय झाला.

२०१९ मध्येच अमेरिकेच्या कृषी खात्याच्या आर्थिक संशोधन सेवेला आणि संशोधन निधी देणाऱ्या संस्थेला कॅन्सस सिटीला जाण्यास सांगण्यात आले. १३ जून २०१९ रोजी कृषिमंत्री सनी पर्ड्यू ही घोषणा करीत असताना काही कर्मचारी उभे राहिले आणि त्यांनी मंत्र्यांकडे पाठ फिरवली. जायचे की नाही, हे कळवण्यासाठी त्यांना १५ जुलैपर्यंतची मुदत होती. जोडीदाराची नोकरी, मुलांची शाळा, आईवडिलांचे औषधपाणी, या सगळ्याचा हिशेब महिन्याभरात मांडायचा होता, आणि सुमारे दोन-तृतीयांश लोकांनी नकार कळवला. पुढे नव्या भरतीने संख्या बऱ्याच अंशी भरून निघाली. परंतु नव्यांपाशी जुन्यांचा अनुभव नव्हता. पिकांच्या भावाची आकडेवारी वीस वर्षे हाताळलेला माणूस गेला की आकडे संगणकात राहतात, पण कोणत्या आकड्यावर कितपत विसंबावे, याची जाण त्याच्याबरोबर जाते. मला यातले खरे नुकसान हेच वाटते.

जपानने हेच काम सबुरीने केले. सांस्कृतिक व्यवहार संस्था टोकियोहून क्योटोला नेण्याचे २०१६ मध्ये ठरले आणि तेथील कामकाज मार्च २०२३ मध्ये सुरू झाले. देवळे, जुन्या वास्तू आणि परंपरागत कला यांचे काम क्योटोत गेले. स्वामित्वहक्कासारखे विषय टोकियोतच ठेवले. याउलट दक्षिण कोरियाने २०१२ पासून अनेक मंत्रालये सेजोंगला हलवली, पण संसद सोलमध्येच राहिल्याने अधिकाऱ्यांना सुमारे १२० किलोमीटरची ये-जा करावी लागते.

आपल्याकडेही याचा एक जुना दाखला आहे. भारतीय हवामान विभागाचे मुख्यालय कोलकात्याहून १९०५ मध्ये सिमल्याला, १९२८ मध्ये पुण्याला आणि १९४४ मध्ये दिल्लीला गेले. पुण्यात शिवाजीनगरची ती इमारत आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणूनच ओळखली जाते. बसथांब्याचे नावही तेच आहे. मुख्यालय दिल्लीला गेले, तरी हवामान संशोधनाचे काम पुण्यात टिकले आणि वाढले, कारण तोवर तेथे त्या विषयाची माणसे तयार झाली होती.

नागपूरला खाणी, जंगले आणि कापूस यांच्याशी निगडित कार्यालये येण्यास माझा पाठिंबा आहे, कारण ते काम विदर्भाच्या मातीतलेच आहे. केंद्रीय नोकरीत बदलीचा हुकूम सहसा नाकारता येत नाही, म्हणून आपल्याकडे माणसे गळणार नाहीत, असे कोणी म्हणेल. परंतु कुटुंब दिल्लीत आणि माणूस नागपुरात, अशी विभागणी झाली की तो येताक्षणी परतीच्या बदलीचा अर्ज लिहू लागतो. म्हणून आधी निवासस्थाने आणि शाळाप्रवेशाची सोय व्हावी, पहिली काही वर्षे स्वेच्छेने येणाऱ्यांनाच आणावे आणि रिकामी होणारी पदे नागपुरातच भरावीत. संसदेच्या प्रश्नांना उत्तरे देणारा छोटा कक्ष दिल्लीत ठेवावा. महिनाभराच्या मुदतीचा हुकूम निघाला, तर मात्र शहर नागपूर असले तरी माझा त्याला विरोध राहील.